टिकाराम मापाऱ्याचे चौदा पौंड

पुलगावच्या कापूस बाजारात टिकाराम मापारी काट्याशी उभा असला, की सरळ शेतकरी निवांत बिडी पेटवायचा आणि लबाडाला घाम फुटायचा. तीस वर्षं तो माणूस त्या एका काट्याखाली उभा राहिला. पहिलं वजन झालं की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाऱ्यांची रीत. 'लाभ... दोन... तीन...' असा त्याचा खडा आवाज फाटकापर्यंत जाई आणि बाहेर उभ्या बंड्यांचे बैलसुद्धा कान हलवत.

पण त्याची खरी ख्याती होती ती हाताची. कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवण्याची विद्या आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. वरचा थर कोरडा, तळ ओला. टिकाराम बंडीत कोपरापर्यंत हात घाली, तळातून मूठभर कापूस काढी, आवळी आणि मूठ उघडी. कोरडा कापूस मूठ सुटली की पुन्हा फुलतो. ओला दबला की दबलेलाच राहतो. एवढंच शास्त्र, पण त्यात तो कधी चुकला नाही.

"वला हाय बे," तो म्हणे. "घरी ने, वाळव, अन् परवा आन."

"टिकारामभाऊ, वजन तं वजन हाय. पान्याचं असो का कापसाचं."

"पान्याचं वजन वाटंतच उडते. मंग बोंब कोनाच्या नावानं? मापाऱ्याच्या."

वजनाची मापं उचलून ठेवणारा हमाल मंगरू अशा वेळी नुसता हसे. वीस वर्षं तो टिकारामच्या हाताखाली होता. टिकारामनं सांगितलं की मंगरूनं माप ठेवायचं, सांगितलं की काढायचं, मध्ये बोलायचं नाही. असा माणूस मिळायलाही नशीब लागतं.

तर अशा या माणसाला चौपन्न सालच्या चैत्रात लघवीतून रक्त जायला लागलं. दुखत काही नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, लवकर बोलला असता. कुंपणापाशी जायचं आणि वर पायानं माती लोटायची, असं त्यानं पाच महिने केलं. बायको, भागाबाई, धोतर धुवायची म्हणून तिच्यापासून मात्र लपलं नाही.

"हे काय जी?"

"मूळव्याध असंन."

"मूळव्याध मांगून असते. हे समोरून हाय."

 मग शेजारपाजार जमला. कोणी गोखरूचा काढा सांगितला, कोणी पळसाच्या फुलांचं पाणी, कोणी म्हणालं बिडीची उष्णता आहे, ताक पी. सल्ला द्यायला कोणाचं काय जातं? ताकानं रक्त काही थांबलं नाही. भाद्रपदात लघवी तुंबली, टिकाराम भिंतीला डोकं टेकून रडला, आणि भागाबाईनं दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं त्याला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर पांढरीपांडे बुटके, चष्मेवाले, बोलायला रोखठोक. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "लघवीच्या पिशवीत गाठ आहे. चांगली नाही. पिशवीच काढावी लागेल."

"मंग लघवी कुठून जाईन जी?" टिकारामनं विचारलं.

"वरून येणाऱ्या दोन नळ्या मोठ्या आतड्यात जोडायच्या. शौचाच्या वाटेनंच सगळं जाईल. सवय होते."

भागाबाईनं पदर तोंडाला लावला. टिकाराम म्हणाला, "तं करून टाका. कधी करता?"

"आज नाही करणार," डॉक्टर म्हणाले. "वय अठ्ठावन्न. बिड्या किती?"

"तीसेक."

"तीस. म्हणजे छाती भरलेली. गुंगीतून उठल्यावर खोकलाल, टाके ताणतील, न्यूमोनिया होईल. रक्त हवं त्याच्या निम्मं, सगळं लघवीतून गेलेलं. आणि वजन अठ्ठ्याण्णव पौंड. या शरीरावर सुरी चालवली तर दहातले पाच जण घरी जातात. कापणं माझ्या हातात आहे, टिकाराम. भरून येणं तुमच्या अंगात पाहिजे. अंगात काही नसेल तर मी घातलेला टाका धरणार कशाला?"

अठ्ठ्याण्णव पौंड म्हटल्याबरोबर टिकारामच्या डोक्यात हिशेब होऊन गेला. कापसाचा मण अठ्ठावीस पौंडांचा. म्हणजे आपण साडेतीन मण.

"सात आठवडे देतो," डॉक्टर सांगत होते. "बिडी आजपासून बंद. अंडी, दूध, कलेजी, डाळ. औषध देतो ते घ्या. एकशे बारा पौंड होऊन या. मग दहातले आठ घरी जातात."

एकशे बारा. पुरे चार मण.

"अन् नाई झालं तं?"

"तर अजून दोन महिने थांबू." डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक गोष्ट नीट ऐका. पायावर सूज आली तर मला सांगायचं. लपवायचं नाही. सूज म्हणजे पाणी, मांस नव्हे. अंगातलं सत्त्व संपलं, मूत्रपिंड थकलं, की पाणी धरतं. तशात ऑपरेशन करायचं नसतं. समजलं?"

"समजलं जी," टिकाराम म्हणाला. आणि समजलं होतंच. पाण्याचं वजन त्याच्याइतकं अख्ख्या जिल्ह्यात कोणाला समजत होतं?

त्या दिवसापासून भागाबाईनं जो पदर खोचला तो खोचला. तिच्या चुलीवर जन्मात अंडं चढलं नव्हतं, ते चढलं. खाटकाकडून कलेजी आणताना ती आधी टोपलीवर फडकं झाकायची, मग तेही सोडून दिलं. आंजीहून लेक जिजानं दुभती शेळी पाठवली. टिकारामनं बिडीबंडल मंगरूला देऊन टाकलं. तीस वर्षांची बिडी एका दिवसात सोडायची म्हणजे काय, ते ओढणाऱ्याला विचारावं. तो चिडायचा, घरात येरझारा घालायचा, बोटं चावायचा, पण परत मागितली नाही.

दर बाजाराच्या दिवशी, बंड्या यायच्या आधी, तो स्वतः पारड्यात बसायचा आणि मंगरू समोर मापं ठेवायचा. मोठी मापं संपली की पौंडाची छोटी. पहिल्या आठवड्यात नव्व्याण्णव. दुसऱ्यात शंभर. तिसऱ्यात एकशे एक. तो घरी येऊन नुसता 'तीन' म्हणाला आणि भागाबाई चुलीपुढे बसल्या बसल्या रडली. मग उठून देवापुढे साखर ठेवली.

"म्या म्हनलं नव्हतं? अन्न कोनाले सोडत नाई," ती म्हणाली.

अन्न सोडत नाही, पण रोग तरी कुठे सोडतो? चौथ्या आठवड्यात पुन्हा रक्त उसळलं. रक्ताच्या गुठळ्या अडकायच्या, टिकाराम घामाघूम व्हायचा, पोटात अन्न राहायचं नाही. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं उठायचं. कमरेला फडकी बांधून बाजारात जायचं, आणि तीस वर्षांचे ओळखीचे लोक बोलता बोलता वाऱ्याची बाजू बदलून उभे राहायचे. कोणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर त्यालाही तोंड होतं. पाचव्या आठवड्यात तो पारड्यात बसला आणि मंगरूनं एक छोटं माप काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. अठ्ठ्याण्णव. जिथले तिथे.

मंगरू काट्याकडे पाहत राहिला.

"घरी सांगजो नको," टिकाराम म्हणाला.

घरी त्यानं सांगितलं, एकशे तीन झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वजन खोटं सांगितलं. भागाबाईनं दुसरं अंडं फोडलं.

आणि सहाव्या आठवड्यात वजन वाढलं. एकदम एकशे सहा. टिकारामला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? मंगरूनंही मांडीवर थाप मारली. घरी येऊन तो ओट्यावर बसला, जोडा काढला, तर जोड्याच्या पट्ट्याचा खळगा पायावर तसाच. त्यानं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा भरेना. तो पाहत राहिला. आत भागाबाई शेळीशी काहीतरी बोलत होती. खळगा भरता भरेना.

कोरडा कापूस मूठ सोडली की फुलतो. हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

आता सांगायचं होतं, बस्स. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. पण सांगितलं की दोन महिने, आणि दोन महिन्यांनी परत अठ्ठ्याण्णव, परत दोन महिने. त्याला मरायची भीती होती तेवढीच, जेवढी सगळ्यांना असते. त्याहून जास्त भीती त्या फडक्यांची होती, त्या वासाची, भिंतीला डोकं टेकायची. दहातले पाच तर पाच, पण कोणीतरी ही पिशवी काढून फेकून द्यावी. लोक म्हणतील वेडा होता. म्हणोत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

नागपूरला जाण्याआधीच्या बाजारात एकशे बारा भरलं. चार मण. गाल वर आले होते, डोळ्यांखाली फुगलं होतं, आणि शेजारणी म्हणत होत्या, "भागाबाई, नवऱ्याले बाळसं धरलं व." भागाबाई लाजायची. इतक्या वर्षांत तिला असं लाजताना कोणी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात दाखल झाल्यावर दोन रात्री त्यानं खाटेच्या पायथ्याशी दोन विटा लावून पाय उंच ठेवले. भागाबाईला सांगितलं, पाठीत बरं वाटते. झोपून राहिलं की पायातलं पाणी कमरेकडे उतरतं, हे त्याचं त्यालाच सापडलं होतं. शिवाय पहाटेपर्यंत नडग्यांवर जुन्या पागोट्याच्या पट्ट्या आवळून ठेवल्या. सकाळी डॉक्टर आले. शिकाऊ डॉक्टरनं वजन वाचलं, "एकशे बारा." पांढरीपांडे खूश झाले. रक्ताचा कागद पाहून जरा थबकले, म्हणाले, "हे काठावरचं आहे. पण वजन चांगलं घेतलंत." नडगीवर बोट दाबलं, थोडा खळगा पडला.

"सूज होती का मधे?"

"नाई जी," टिकाराम म्हणाला.

तीस वर्षं ज्याच्या शब्दावर बंड्या रिकाम्या झाल्या, त्याच्या तोंडावर अविश्वास वाटावा असं काही दिसत नसे. डॉक्टरांनी विश्वास ठेवला.

टेबलावर नाकावर जाळी ठेवली, ईथरचा उग्र वास आला आणि कोणी तरी म्हणालं, आकडे मोजा. टिकारामनं सवयीनं सुरुवात केली, "लाभ... दोन... तीन..." आणि पुढचा आकडा त्याला सापडला नाही.

चार दिवस बरे गेले. पिशवी गेली, रक्त गेलं. लघवी नव्या वाटेनं यायला लागली, पातळ, घडी घडी, आणि भागाबाई नाकाला पदर न लावता सगळं करायची. टिकारामला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. तो तिला म्हणाला, "भागा, हलकं वाटून राह्यलं." पाचव्या दिवशी ताप चढला. इंजेक्शनं सुरू झाली. आठव्या दिवशी टाके काढले, आणि दुपारी तो खोकला तशी जखम तळापासून उघडली.

पांढरीपांडे धावत आले. जखम बांधली, मग त्याला हळूच कुशीवर वळवून त्यांनी कमरेच्या हाडावर बोट दाबलं. बोट पेरभर आत गेलं. काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"ही सूज कधीपासून आहे?"

"सूज नाई जी डाक्टरसाहेब," भागाबाई पुढे होऊन म्हणाली. "मांस चढलं ते. म्या सात हप्ते चारलं."

डॉक्टरांनी टिकारामकडे पाहिलं. टिकारामनं छताकडे पाहिलं. मग डॉक्टर शिकाऊ पोराला एवढंच म्हणाले, "झोपलेल्या माणसाची कंबर दाबून पाहावी. मीच पाहिली नाही." आणि निघून गेले. रागावले असते तर टिकारामला सोपं गेलं असतं.

शेजारच्या खाटेवरच्या कोणा हिंगणीवाल्याची म्हातारी सासू सोबतीला होती. अशा म्हाताऱ्या प्रत्येक दवाखान्यात असतात, देव त्यांना पाठवतोच. तिनं भागाबाईला विचारलं, काय चारलं होतं? भागाबाईनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "अंडं अन् कलेजी? बाई, ते उष्ण. मांस मांसाले पिकवते. म्हनून पू झाला."

झालं. दोन दिवस भागाबाई काही जेवली नाही. त्याचं पांघरूण नीट करता करता ती हळूच बोलायची, स्वतःशीच, "ज्यादा झालं. म्याच ज्यादा चारलं. तुमी नको म्हनत होते तरी तोंडाशी धरलं." डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती बोलत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

टिकाराम तापात पडून ते ऐकत होता. आपण जाणार हे त्याला कळून चुकलं होतं, त्याचं त्याला फार काही वाटत नव्हतं. सौदा त्यानं स्वतः केला होता. पण ही बाई उरलेला जन्म चुलीपुढे बसून अंडी मोजणार होती, कोणतं शेवटचं ज्यादा झालं ते. हे त्याच्यानं सोसवेना. सांगावं तर लबाडी उघडी पडते, आणि न सांगावं तर दोष हिच्या पदरी. दुपारी वॉर्ड जरा शांत झाला तेव्हा त्यानं तिला जवळ बोलावलं.

"भागा, तुहा अंगठा दे."

तिनं हात दिला. त्यानं तिचा अंगठा स्वतःच्या नडगीवर ठेवला, वरून आपल्या हातानं दाबला आणि उचलला. दोघं खळग्याकडे पाहत राहिले. भागाबाईनं लहानपणापासून कापूस वेचला होता, मापाऱ्याच्या घरात तिचं आयुष्य गेलं होतं. तिला सांगावं लागलं नाही.

"कवापासून?" ती म्हणाली.

"इथं याच्या आंधीपासून. मले मालूम होतं. डाक्टरनं इचारलं तं म्या नाई म्हनलं. अंड्यानं नाई झालं काही. कलेजीनं नाई झालं. माह्या तोंडानं झालं."

"काऊन जी?"

"थकलो होतो व," तो म्हणाला. "लय थकलो होतो."

खळगा हळूहळू भरत आला. मग तिनं जे विचारलं त्याची टिकारामनं तयारी केली नव्हती. ती रागावेल, रडेल, डोकं आपटेल, हे सगळं त्यानं मनात धरलं होतं.

"म्हंजे माह्या हातचं अन्न लागलंच नाई तुमाले?" भागाबाई म्हणाली. "येवढे सात हप्ते. सबन पानीच होतं?"

टिकारामनं डोळे मिटले. काटा त्याच्यापुढे लख्ख होता. पाचवा आठवडा, मंगरूचा हात, एक छोटं माप, दुसरं, तिसरं.

"सबन नाई," तो म्हणाला. "पह्यले तीन पौंड तुहे होते. कोरडे. ते शेवटपावतर राह्यले. म्या सोता तोललं." आणि तिची बोटं हातात घेऊन एकेक दाबत त्यानं मोजले. "लाभ. दोन. तीन."

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मंगरू भेटायला आला. जिजा आंजीहून आलेलीच होती. ओट्यावर बसून, तंबाखू न मळता, तो इकडचं तिकडचं बोलला. नवा मापारी अजून लागला नाही, कापूस जोरात सुरू आहे, लोक टिकारामभाऊची आठवण काढतात. भागाबाई ऐकत होती. मग म्हणाली, "मंगरू, तू होता ना काट्यावर? तीन पौंड माह्या हातचे चढलते, ते शेवटपावतर होते म्हने. पानी मंग भरलं. खरं हाय काय?"

मंगरूनं खाली पाहिलं. वीस वर्षं तो त्या काट्याशी मध्ये बोलला नव्हता.

"हो वयनी," तो म्हणाला. "तीन. म्याच मापं ठेवलती."